मदत हवी आहे : सहकाऱ्याचा पाठ पाहिल्यावर बोलायचे कसे?

सर्वांना नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत अकरा वर्षांपासून शिकवते. गेल्या जूनमध्ये आम्ही सात शिक्षकांनी मिळून एक अभ्यासगट सुरू केला. सध्या तो बंद पडण्याच्या बेतात आहे आणि त्याला माझे एक वाक्य कारणीभूत आहे. ज्यांनी असे गट चालवले आहेत त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

गट का काढला, ते आधी सांगते. दर महिन्याची शिक्षण परिषद आमच्या केंद्रातही (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातही) होते आणि आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसण्याची ती एकमेव ठरलेली जागा असल्यामुळे मला तिची टिंगल करायची नाही. मात्र तिचा बराचसा वेळ कोणती माहिती कधीपर्यंत भरायची, यातच जातो. उरलेल्या वेळात कोणीतरी ‘आदर्श पाठ’ घेतो, आणि आदर्श म्हटले की त्यात मुलांचे काही चुकलेले दिसायलाच नको, असा अलिखित नियमच होऊन बसला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम पूर्ण केले की तास भरतात, प्रमाणपत्रही मिळते, पण माझ्या तिसरीतल्या मुलांचे हातच्याच्या वजाबाकीत नेमके कुठे अडते, हे कोणतीही चित्रफीत मला सांगू शकत नाही. ते शेजारच्या शाळेतला, तशाच मुलांना शिकवणारा शिक्षकच सांगू शकेल, असे आम्हाला वाटले. (2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमानंतर साताऱ्याचे कुमठे बीट, म्हणजे तिथल्या नावाजलेल्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, त्यांत मीही होते. परत आल्यावर आम्ही सर्वांत आधी काय केले, तर वर्गाची फरशी रंगवली. तिथल्या शिक्षकांनी एकमेकांशी बोलून काय काय बदलले होते, हे विचारायचे राहूनच गेले.)

शनिवारी सकाळची शाळा सुटली की घाट ओलांडून नाशिकला यायचे आणि पेठ रोडला एका सदस्याच्या घरी दोन तास बसायचे, असे ठरले. पहिले चार महिने सगळे छान चालले. खरे सांगायचे तर जरा जास्तच छान. प्रत्येक जण आपला जमलेला उपक्रम सांगत असे, बाकीचे ‘वा, सर’ म्हणत, चहा होई आणि आम्ही उठत असू.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी आग्रह धरला की आता प्रत्यक्ष पाठ पाहू या. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सर लगेच तयार झाले. तिघांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून त्यांच्या तिसरीच्या वर्गात हजेरी लावली. पाठ होता 42 वजा 17. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, सुट्या काड्या, सगळी तयारी नीटनेटकी होती आणि मुले एका सुरात उत्तर देत होती. मी एका मुलीच्या शेजारी बसले होते. तिने एक गठ्ठा सोडला, बारा सुट्या काड्यांतून सात बाजूला केल्या, उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक उचलला आणि काड्यांवर बरोबर 25 आणले. मग वही ओढून तीच वजाबाकी मांडली आणि खाली 35 लिहिले. चारातून एक गेला तीन, सातातून दोन गेले पाच. समोर 25 काड्या आणि वहीत 35, पण तिला त्यात काहीही वावगे वाटले नाही. तिच्या लेखी काड्यांचा खेळ वेगळा आणि वहीतले गणित वेगळे होते.

मला हे इतके मोलाचे वाटले की चर्चा सुरू होताच मी म्हणाले, “सर, मुलांना काड्या कळल्या, वजाबाकी कळलेली नाही.” सर काहीच बोलले नाहीत. त्यानंतरच्या दोन्ही बैठकांना ते आले नाहीत, आणि पुढचा पाठ द्यायलाही कोणी तयार नाही. डी.एड.पासून आमच्या मनात बसले आहे की पाठामागे कोणी येऊन बसले म्हणजे शेरा मिळणार, आणि मी नेमका शेराच मारला.

तेव्हा माझे प्रश्न असे : पाहिलेले खरे बोलायचे, पण समोरच्याला तपासणी झाल्यासारखे वाटू द्यायचे नाही, हे आपण कसे साधले? आणि द्विशिक्षकी शाळेतून एक जण बाहेर पडला की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात, तर रजा न टाकता पाठ पाहण्याची काही सोय कोणी केली आहे का?

प्रतिसाद 1

ताई, आमचा निफाडचा गट याच कारणाने एकदा मोडला होता, म्हणून लिहितो. जपानमध्ये शिक्षक ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजे पाठ-अभ्यास करतात. त्यात पाठाचे नियोजन सगळ्यांनी मिळून केलेले असते आणि वर्गात एक जण तो फक्त घेतो. त्यामुळे पाठ फसला तर तो गटाचा फसतो. तुमचा पाठ सरांनी एकट्याने आखला आणि तुम्ही पाहुण्या म्हणून गेलात, तिथेच घोटाळा झाला.

आम्ही दुसऱ्यांदा सुरू केले तेव्हा दोन गोष्टी पाळल्या. पाठ घेणाऱ्यानेच आधी बोलायचे. आणि निरीक्षकाने दोन मुले वाटून घ्यायची, त्यांना मदत करायची नाही, नंतर त्यांनी काय केले तेवढेच सांगायचे. ‘तिने काड्यांवर 25 आणले आणि वहीत 35 लिहिले’ एवढ्यावर तुम्ही थांबला असतात, तर पुढचे वाक्य बहुधा सर स्वतःच बोलले असते.

प्रतिसाद 2

मॅडम, रजेचा प्रश्न आम्हीही सोडवू शकलो नाही, त्यामुळे आम्ही पाठाऐवजी वह्या पाहतो. एकच गणित सर्वांनी आपापल्या वर्गात द्यायचे आणि चुकलेल्या पाच-सहा वह्या शनिवारी घेऊन यायचे. प्रत्येकाच्या पिशवीत चुकलेल्या वह्या असल्या की कोणी कोणाला लाजत नाही. प्रत्यक्ष पाठच पाहायचा असेल तर केंद्रप्रमुखांना भेटून शिक्षण परिषदेतल्या आदर्श पाठाच्या जागी गटाने आखलेला पाठ ठेवता येतो का, ते विचारा. त्या दिवशी सगळे तसेही एकत्र असतात. फक्त परिषद ज्या शाळेत असेल तिथली मुले थांबवून घ्यावी लागतील.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काल सरांना फोन केला. तुम्ही सुचवलेले वह्यांचे सांगितले आणि ते वाक्य मी तसे बोलायला नको होते, हेही कबूल केले. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “त्या मुलीची वही मी दुसऱ्याच दिवशी पाहिली, मॅडम. वर्गात तशा अजून नऊ निघाल्या.” शनिवारी ते त्या दहा वह्या घेऊन येणार आहेत. त्यावरून आखला जाणारा पाठ मात्र मी माझ्या वर्गात घ्यायचा, अशी त्यांची अट आहे आणि ती मी मान्य केली आहे. केंद्रप्रमुखांशी बोलणे अजून व्हायचे आहे.