दोन पाळ्यांच्या माणसांना एका रविवारी कुठं न्यावं? (सातारा परिसर)

मापात_बसणारी:
सातारा एमआयडीसीत छोट्या मशिन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. माणसं सव्वीस. पहिली पाळी आणि दुसरी पाळी यांच्यात सध्या बोलणं कमी आणि टोमणे जास्त. सकाळचे म्हणतात, दुपारचे ऑफसेट (मशिनमध्ये भरलेलं टूलचं माप) बदलतात आणि सांगत नाहीत. दुपारचे म्हणतात, सकाळचे इन्सर्ट (टूलची कापणारी धार) पार झिजवून मशिन आमच्या गळ्यात मारतात. रिजेक्शनचा ढीग माझ्या टेबलावर. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून बोलायची सोय नाही.

मालकांनी एक रविवार आणि खर्च मंजूर केलाय. कार्यक्रम करून देणाऱ्या एकांनी पाचगणीकडचं रिसॉर्ट सुचवलं. डोळे बांधून चालायचं, फुगे फोडायचे, शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमच्याकडचे सगळ्यात जुने ऑपरेटर म्हणाले, "म्याडम, फुगं फोडायला एवढा घाट चढायचा व्हय?"

माणसं बहुतेक कोरेगाव, खटाव, जावळीकडची. पॅकिंगला चार बायका आहेत, एकाच्या पायात रॉड आहे. डिसेंबर-जानेवारीत जमेल. हुरडा पार्टी डोक्यात आहे, पण तिथंही पाळीप्रमाणे वेगळे घोळके करून बसतील याची खात्री आहे. मोकळ्या हवेत, हात लावून करायचं काही सुचवा.

घाटवाटा:
वासोटा! बामणोलीतून बोटीनं शिवसागर ओलांडायचा, मग कोयनेचं दाट जंगल आणि उभी चढण. वनखात्याची परवानगी लागते, आधी चौकशी करा. पावसाळ्यात बंद असतो, डिसेंबर उत्तम. एकत्र घाम गाळला की माणसं आपोआप जवळ येतात.

हिरवा_सातारा:
सगळ्यांनी मिळून बियांचे गोळे करा आणि कासच्या पठारावर टाकून या. सोपं, स्वस्त, फोटोही छान येतात.

चर_खोदे:
कृषी सहायक म्हणून नोकरी खटाव-कोरेगावात गेली, आता निवृत्त. आधी कासचं मिटवतो. हिरवा_सातारा, हेतू चांगला आहे, पण तिथं बी टाकायला जाऊ नका. कास हा जांभ्या खडकाचा सडा आहे, म्हणजे उघडा सपाट कातळ, वर मातीचा पातळ थर. सीतेची आसवं, तेरडा, सोनकी ही पावसाळ्यात उगवून दोन-तीन महिन्यांत उरकणारी झाडं त्या पातळ मातीवरच जगतात. तिथं मोठं झाड नाही म्हणजे काही कमी आहे, असं नाही. 2012 साली जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर कासही गेलं, ते या उघड्या सड्यासकट.

वासोट्याबद्दल एवढंच की पायात रॉड असलेला माणूस मागं राहील, आणि त्याच्याबरोबर कोण थांबणार यावरून पहिली कुरबूर होईल. शिवाय तगडे पुढं जातात, बाकीचे मागं. दिवसभर एकाच वाटेवर असूनही दोन घोळके दोनच राहतात.

ताई, मी तुमच्या जागी असतो तर माणसांना माळावर नेऊन ए-फ्रेम हातात दिली असती. ही उतारावर एका लेव्हलची रेघ आखायची काठ्यांची चौकट. त्या रेघेवर चर खोदला की पावसाचं पाणी अडतं.

2016 ला पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, गावागावांत पाणी अडवायच्या कामाची. वरूड, अंबाजोगाई आणि आपलं कोरेगाव असे तीनच तालुके होते, आणि पहिला नंबर कोरेगावातल्या वेळूनं काढला. तुमच्याकडच्या कोरेगावच्या पोरांतल्या एकानं तरी त्या वेळी घमेलं उचललेलं असणार, विचारून बघा.

आता ए-फ्रेम. सहा-सात फुटांच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधे आडवी काठी, वरच्या टोकातून दोरी आणि दोरीला दगड. उतारावर उभी करायची, दोन्ही पाय टेकले तिथं खुणा करायच्या, दोरी आडव्या काठीला जिथं टेकते तिथं रेघ. मग फ्रेम फिरवून उजवा पाय डाव्याच्या खुणेवर, डावा उजव्याच्या. दुसरी रेघ. दोन रेघांचा मध्य म्हणजे लेव्हल, दोरी तिथं आली की दोन्ही पाय एका उंचीवर. तुमच्या ऑपरेटरांना इथंच गंमत येईल, कारण पाय थोडे कमीजास्त लांबीचे असले तरी फरक पडत नाही, फ्रेम फिरवली की ती चूक दोन्हीकडं सारखी पडते आणि मध्य बरोबर निघतो. त्यांच्यासमोर आधी उत्तर सांगू नका. मुद्दाम एक पाय चार बोटं आखूड ठेवा आणि "ही चालंल का?" एवढंच विचारा. वाद घालू द्या.

मग तिघातिघांची टोळी. एकानं टेकलेला पाय धरायचा, दुसऱ्यानं पुढचा पाय उतारावर वरखाली सरकवायचा, तिसऱ्यानं दोरी बघून सांगायचं आणि फक्की (रेघ मारायची पांढरी पूड) टाकायची. प्रत्येक टोळीत दोन्ही पाळ्यांची माणसं घाला, थोड्या वेळानं कामं बदला. दोरी बघणारा म्हणतो "जरा वर", पाय धरणारा म्हणतो "आलंय की मधे!" वारा असला तर दोरी हलते, दोघांनाही थांबावं लागतं. आणि मग दोरी जिथं थांबते तिथं थांबते. यात सुपरवायझर नाही, क्वालिटीवाल्या ताईपण नाहीत. मी गावागावांत बघितलंय, बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ या दोरीशी भांडण घालत नाहीत.

नंतर थोडं खोदकाम. सलग समतल चर साधारण 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल. माती उताराच्या बाजूला लावायची, वर नाही. एक मीटर चर एकदा भरला की 180 लिटर पाणी धरतो. तुमच्या सव्वीस जणांनी जोडीनं तीन-तीन मीटर केलं तरी एका भरण्याला सात हजार लिटर झाले. रॉडवाल्यांना दोरी बघायला ठेवा, त्या कामाला मान आहे. आणि बायकांना नुसतं चहाला लावू नका, फक्कीची रेघ त्यांच्या हातची सरळ येते.

जागा: गावाचं गायरान, सरपंचाला विचारून. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही. काम माथ्याकडून पायथ्याकडं. बऱ्याच गावांत जुने चर गाळानं भरलेत. नवे खोदण्यापेक्षा ते उपसायला गावकरी जास्त खूश होतील. डिसेंबरात कुसळं वाळलेली असतात, मोज्यात शिरली की दिवसभर टोचतात. जुन्या पँटी आणि बूट सांगा.

कृष्णाकाठचा:
मी सांगलीकडं फाउंड्रीत आहे. काका, राग मानू नका, पण सहा दिवस मशिनवर उभा राहिलेल्या माणसाला सातव्या दिवशी टिकाव? आमच्या जुन्या कंपनीत असंच श्रमदान ठेवलं होतं. साहेब फोटोपुरते फावडं धरून गाडीत जाऊन बसले. वर्षभर त्याचीच थट्टा चालली.

चर_खोदे:
राग कसला, बरोबर बोललात. साहेब येणार असतील तर त्यांनी सकाळपासून टोळीत पाहिजे, नाहीतर येऊच नये. रविवारच्या बदल्यात सुट्टी द्यावी. आणि खोदाई थोडीच, दोन-अडीच तास, बस. जास्त वेळ आखणीवर जाऊ दे. टिकाव मारताना कोणी बोलत नाही, आखताना बोलतात. खोदून झाल्यावर तिथंच चूल, पिठलं, भाकरी, खर्डा. हुरडा मिळाला तर जानेवारीत एखाद्या शेतकऱ्याच्या रानात भाजायचा. आगटी पेटवणं, कणसं भाजणं, गरम गरम चोळून दाणे पाखडणं हे एकट्याचं काम नाहीच.

एक मात्र करा. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर परत तिथं जा, सगळे नाही तर निम्मे तरी. लेव्हल चुकली असेल तर पाणी चराच्या एका टोकाला गोळा झालेलं दिसतं आणि तिथून बांध फोडून निघतं. बरोबर असेल तर सगळीकडं सारखं उभं राहतं. कुणाच्या टोळीचा चर कसा निघाला ते कळतं, पण दोन्ही पाळ्या प्रत्येक टोळीत असल्यानं बोट दाखवायला सकाळचे-दुपारचे उरत नाहीत.

घाटवाटा:
वासोटा पुढच्या वर्षी मग 🙂

मापात_बसणारी:
काका, मालकांना वाचून दाखवलं. बदली सुट्टी देतो म्हणाले, आणि स्वतः टोळीत येणार, गाडी गावातच ठेवून. एका ऑपरेटरचं गाव कोरेगावजवळ आहे, तो सरपंचांशी बोलतोय, जुने चर आहेत म्हणे. एक पाय आखूड ठेवायचं मी कुणाला सांगितलेलं नाही. काठ्या बांबूच्या घेऊ का लोखंडी पाइपच्या? फॅब्रिकेशनवाल्यांनी आत्ताच हौसेनं वेल्डिंगची तयारी केलीय.

चर_खोदे:
बांबू घ्या. पाइपची फ्रेम दिवसभर उतारावर उचलून हात भरून येतात, आणि वेल्डिंग केली की काहीजण ती "आमच्या पाळीची" म्हणतील. सुतळीनं दोन्ही पाळ्यांनी मिळून बांधू दे. दोरीला दगडाऐवजी तुमच्याकडचा जड नट लावा, वाऱ्यात कमी हलतो. फक्की गावातच मिळेल, क्रिकेटच्या मैदानावर टाकतात तीच.