मदत हवी आहे: दृष्टिपटलाच्या कापांत दंडपेशींमधले फिशचे ठिपके दिसत नाहीत

नमस्कार. प्रौढ उंदराच्या दृष्टिपटलात एखादा जनुक केंद्रकाच्या कडेला आहे की मध्याकडे, हे त्रिमितीय डीएनए-फिशने (ठरावीक डीएनए क्रमाला चिकटणाऱ्या चमकत्या प्रोबने त्याची जागा दाखवणाऱ्या तंत्राने) मोजण्याचे काम मी करत आहे. हे ऊतक मुद्दाम निवडले आहे. निशाचर सस्तन प्राण्यांच्या दंडपेशींत (मंद प्रकाशात पाहण्याच्या पेशींत) केंद्रकाची मांडणी उलटी असते, हे सोलोवेई आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले: एरवी कडेला राहणारे हेटरोक्रोमॅटिन (डीएनएचा दाट, बहुतांशी निष्क्रिय भाग) तिथे मध्यभागी एकवटते आणि सक्रिय जनुकांचा भाग बाहेरच्या कवचात येतो. दृष्टिपटलाच्या इतर पेशींत मांडणी नेहमीची असते, म्हणजे एकाच कापात दोन्ही मांडण्या शेजारीशेजारी पाहायला मिळतात.

ऊतक फॉर्मल्डिहाइडने स्थिर करून, सुक्रोजमध्ये मुरवून गोठवतो. क्रायोस्टॅटवर काढलेले काप सोडियम सायट्रेटमध्ये ८० अंशांना तापवतो आणि मग बॅक प्रोब (जनुकाभोवतीच्या डीएनएच्या लांब तुकड्यापासून केलेला प्रोब) लावतो. आतल्या थरांतील पेशींत जनुकाच्या दोन प्रतींचे दोन ठिपके स्वच्छ दिसतात. दंडपेशींच्या थरात मात्र बहुतेक केंद्रकांत एकच दिसतो किंवा एकही दिसत नाही. केंद्रके कापली गेली म्हणावे, तर दंडपेशीचे केंद्रक जेमतेम ५ मायक्रॉनचे असते. सुरीचा फटका मोठ्या केंद्रकांनाच अधिक बसायला हवा होता. मेजर सॅटेलाइटचा (हेटरोक्रोमॅटिनमधल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या डीएनए क्रमाचा) प्रोब प्रत्येक दंडपेशीच्या मध्यावर ठसठशीत उमटतो, पण त्या क्रमाच्या प्रती इतक्या प्रचंड असतात की डीएनएचे धागे अर्धवट सुटले तरी तो चमकणारच. त्यामुळे एकेरी जनुकस्थानासाठी मी तो पुरावा मानत नाही.

तापमान किंवा वेळ वाढवली की डॅपीने (डीएनए रंगवणाऱ्या द्रव्याने) रंगलेल्या मधल्या दाट गाभ्याची कड पुसट होते, आणि मला मोजायची आहे ती नेमकी हीच रचना. रोडॉप्सिनचा (प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाचा) जनुक दंडपेशींत अत्यंत सक्रिय असल्याने त्याचा प्रोब सोबत लावावा, असा माझा विचार आहे. त्याचे दोन ठिपके दिसले आणि माझ्या जनुकाचे दिसले नाहीत, तर दोष प्रोब आत शिरण्यात नसून दाट क्रोमॅटिन न सुटण्यात आहे, असे म्हणता येईल का?

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. एवढ्या लहान केंद्रकात दोन्ही प्रती साधारण पाव मायक्रॉनपेक्षा जवळ आल्या, तर साध्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा एकच ठिपका होतो, आणि उभ्या दिशेने विभेदन (जवळचे ठिपके वेगळे दाखवण्याची क्षमता) याहूनही कमी असते. एक ठिपका असलेली केंद्रके वगळली, तर दूर असलेल्या प्रतीच मोजल्या जाऊन निष्कर्ष एका बाजूला झुकेल. ती ठेवली, तर खरोखर हुकलेली प्रतही त्यांत मिसळेल. ज्यांनी ऊतकाच्या कापांवर असे मोजमाप केले आहे, त्यांनी ही केंद्रके विश्लेषणात कशी धरली, ते कृपया सविस्तर सांगावे.