ग्राइंडरवर काम करतो, कमरेचा एमआरआय सांगितलाय, तर आधी डोळ्यांचा एक्सरे कशाला?

फोंडेकर_फॅब
नमस्कार मंडळी. मी कुंडईला फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहे, ग्रिल, गेट, शेड, आणि हल्ली किनाऱ्याकडच्या बंगल्यांचं एसएस (स्टेनलेस स्टील) रेलिंगचं काम जास्त. कंबर धरलीय, डाव्या पायात मुंग्या उतरतात, हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय लिहून दिला. सेंटरवर गेलो तर फॉर्म भरायला दिला, त्यात विचारलेलं की डोळ्यात कधी धातूचा कण गेलाय का. मी खरं ते लिहिलं, गेलाय, बऱ्याच वेळा गेलाय. तर त्यांनी आतच घेतलं नाही, म्हणाले आधी डोळ्यांचा एक्सरे काढून आणा, मग बघू.

आता मला सांगा, फोटो कमरेचा काढायचा तर डोळ्यांचा काय संबंध? कण तर तेव्हाच्या तेव्हा निघाले, एकदोन डॉक्टरने काढले, बाकीचे शॉपमधल्या मिस्त्रींनी रुमालाच्या टोकाने. आणि एसएसला चुंबक चिकटतच नाही ना? हातांच्या कातडीतपण बारीक काळे ठिपके बसलेत, त्याचं काय करतात? चवथ जवळ आलीय, ऑर्डरी पडून आहेत, कुणाला माहिती असेल तर सांगा.

बार्जचा_माणूस
भावा कशाला एवढं डोकं लावतोस, दुसऱ्या सेंटरला जा आणि फॉर्मवर नाही लिही. आमच्या यार्डात सगळे तसंच करतात, मी पण केलाय एमआरआय, काय झालं नाही.

एमआरआय_टेक्निशियन
बार्जवाले दादा, राग मानू नका पण हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. तुमच्या डोळ्यात काही राहिलं नव्हतं म्हणून तुम्हाला काही झालं नाही, फॉर्मवर काय लिहिलं त्याने त्यात फरक पडला नाही. मी बरीच वर्षं या मशीनवर काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोंडेकर, फोटो कमरेचा असला तरी टेबल आत सरकतं तेव्हा तुम्ही मशीनमधल्या मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात असता, डोक्यापासून पायापर्यंत. साधं मशीन 1.5 टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण 30 हजार पट, आणि 3 टेस्लाची पण मशीनं आता बरीच आलीत. हे चुंबक रात्रंदिवस चालू असतं, स्कॅन चालू नसला तरी. वायरची गुंडाळी द्रव हेलियममध्ये उणे 269 अंशाला थंड ठेवलेली असते, त्यामुळे पंख्यासारखं बटण दाबून बंद करायची सोय नाही. 2018 च्या जानेवारीत मुंबईत पालिकेच्या हॉस्पिटलात एका पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट ओढला गेला, जीव गेला त्याचा. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं होतं असं घरच्यांचं म्हणणं होतं.

आता डोळ्याचं. लोखंडाची किरच मांसात रुतली तर काही महिन्यांत तिच्याभोवती घट्ट पेशींचं आवरण तयार होतं, ती सहसा हलत नाही. डोळ्याच्या आत मात्र जेलीसारखा पदार्थ असतो आणि मागे पडदा, तिथे किरचेला धरून ठेवणारं फारसं काही नाही. ओढ सगळ्यात जास्त बसते मशीनच्या बोगद्याच्या तोंडाशी, म्हणजे टेबल आत जाताना आणि बाहेर येताना, शिवाय लांबट किरच असली तर ती होकायंत्राच्या काट्यासारखी फिरायला बघते. 1986 मध्ये अमेरिकेत एक केस छापून आली होती, पत्र्याचं काम करणारा माणूस, जुनी किरच डोळ्यात राहिलेली, एमआरआयनंतर डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची नजर गेली. ते मशीन आजच्या मशीनांपेक्षा कमी ताकदीचं होतं. अशा केसेस फार थोड्या आहेत हे खरं, पण त्या थोड्या आहेत याचं एक कारण हाच प्रश्न फॉर्मवर विचारला जातो हे आहे.

एक्सरे दोन मिनिटांचं काम. बहुतेक ठिकाणी दोन फोटो काढतात, एक नजर वर करून आणि एक खाली करून, पांढरा ठिपका दिसला आणि तो नजरेबरोबर सरकला तर कण डोळ्यातच आहे असं समजतं. शंका राहिली तर सीटी स्कॅन करतात, त्यात आणखी बारीक कण सापडतो.

एसएसवर भरवसा ठेवू नका. 304 आणि 316 या ग्रेडच्या एसएसवर चुंबक जवळजवळ चिकटत नाही हे बरोबर, समुद्राकडे खाऱ्या हवेसाठी तुम्ही 316 च वापरत असाल. पण तोच माल वाकवला, ठोकला, कापला की थोडा चुंबकीय होतो, आणि शॉपमध्ये एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पण कापता ना? डोळ्यात गेला तो कण कशाचा होता हे आज कुणीच सांगू शकत नाही. हातावरचे ठिपके फॉर्मवर लिहा आणि टेक्निशियनला दाखवा, त्यामुळे सहसा एमआरआय अडत नाही, फक्त आत असताना तिथे गरम वाटलं किंवा ओढल्यासारखं झालं तर हातातला रबरी फुगा दाबा, तो त्यासाठीच दिलेला असतो.

नेत्र_पेडणे
मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. टेक्निशियननी सांगितलं त्यात माझं एवढंच जोडायचंय की रुमालाच्या टोकाने निघतो तो बुबुळावर किंवा पापणीखाली अडकलेला कण. खरा धोका आत घुसलेल्याचा, आणि तो पुष्कळदा हातोडा छिन्नीच्या कामात उडतो, पोलादावर पोलाद आपटतं तेव्हा. इतका वेगात जातो की छिद्र बारीक, दुखणं थोडंच, दुसऱ्या दिवशी माणूस परत कामावर. तो कण आत गंजत राहतो आणि महिन्यांनी, वर्षांनी नजर मंदावते, तोपर्यंत पेशंटला ती ठोकाठोक आठवतसुद्धा नाही. म्हणून एक्सरे काढाल तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनही बाहुली मोठी करून एकदा तपासून घ्या, एमआरआय असो नसो. आणि मिस्त्रींना माझ्याकडून हात जोडून सांगा, कण काढायला रुमाल, काडी, सुई काही लावू नका, स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि सरळ दवाखान्यात पाठवा. वरवरचा कण निघाला तरी गंजाचं कडं मागे राहतं, ते डॉक्टरलाच काढावं लागतं.

वेल्डिंगच्या आर्कने रात्री डोळे लाल होऊन खुपतात ते वेगळं, ते प्रकाशाने भाजलेलं असतं, त्यात धातू नसतो, त्यामुळे एमआरआय अडत नाही.

साखळीची_वहिनी
माझे मिस्टर पण वेल्डर आहेत म्हणून विचारते, त्यांच्या मांडीत अपघातानंतर रॉड घातलाय, त्यांना एमआरआय कधीच करता येणार नाही का?

एमआरआय_टेक्निशियन
वहिनी, हाडातले आजचे रॉड बहुतेक टायटॅनियमचे किंवा चुंबक न धरणाऱ्या स्टीलचे असतात, हाडात पक्के बसलेले असतात, बहुतेकांचा एमआरआय होतो, फक्त त्या जागेचा फोटो काळपट आणि वेडावाकडा येतो. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा आणि सोबत न्या, कारण खात्री कागदावरूनच होते. पेसमेकर वगैरे असेल तर मात्र आधीच फोन करून सांगा.

सगळ्याच वेल्डर लोकांना सांगतो, कामाच्या कपड्यात थेट येऊ नका. केसात, कॉलरमध्ये, खिशाच्या शिवणीत लोखंडाचा कीस असतो, तो बोगद्याला चिकटला की फोटो खराब. डोक्यावरून आंघोळ करून या. कमरेच्या करदोट्यातला ताईत लोक विसरतात, तो पण घरीच काढून ठेवा.

बार्जचा_माणूस
जेलीचं माहीत नव्हतं. यार्डात चिपिंग (ठोकून गंज, पापुद्रे काढायचं काम) करणारे दोघेतिघे आहेत, त्यांच्यातल्या एकाला एका डोळ्याने धूसर दिसतं म्हणतो. हे वाचून दाखवतो त्याला.

नेत्र_पेडणे
वाचून दाखवत बसू नका दादा, उद्याच घेऊन जा त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि त्याच्या बाबतीत एक्सरे झाल्याशिवाय एमआरआयचं नावही काढू देऊ नका.

फोंडेकर_फॅब
आज काढला एक्सरे, दोन्ही डोळे साफ आहेत असं रिपोर्टात आलंय, एमआरआय शुक्रवारी. सगळ्यांचे मनापासून आभार, मी उगाच सेंटरवाल्यांवर चिडलो होतो. एकच शेवटचं, पुढे परत कधी एमआरआय करायची वेळ आली तर परत एक्सरे काढायला लागणार का?

एमआरआय_टेक्निशियन
मधल्या काळात डोळ्यात काही गेलं नसेल तर हाच रिपोर्ट दाखवा, बहुतेक ठिकाणी चालतो, म्हणून फिल्म आणि कागद दोन्ही फाइलला लावून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पण आजच्या तारखेनंतर एकदा जरी कण गेला तर नवीन काढायचा. ग्राइंडरवर बसताना बाजूने बंद असलेला गॉगल लावा, साध्या चष्म्याच्या कडेने कण आत जातो.