मदत हवी आहे: इंदूर ते मासाई मारा, कॅमेऱ्याचे सामान आणि वजनाचा मेळ

नमस्कार मंडळी,

ऑगस्टअखेर आम्ही उभयता इंदूरहून मुंबईमार्गे नैरोबीला आणि तेथून विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने केनियातील मासाई मारा या अभयारण्यात जाणार आहोत. मुक्काम आणि गाडी यांची व्यवस्था झाली आहे. अडले आहे ते केवळ कॅमेऱ्याच्या सामानापाशी. माझे आतापर्यंतचे छायाचित्रण सिरपूर तलाव, रालामंडल आणि फार तर कान्हा एवढ्यापुरतेच, म्हणजे सगळे गाडीच्या डिकीत टाकून निघण्याचे. त्यामुळे किलो-ग्रॅमचा हिशेब प्रथमच मांडतो आहे.

निकॉनच्या डी ५०० आणि डी ७५०० या दोन बॉडी अनुक्रमे ८६० आणि ७२० ग्रॅम, २००-५०० मिमीची लेन्स कॉलरसह (ट्रायपॉडला जोडण्याच्या कड्यासह) २,३०० ग्रॅम आणि १६-८० ची लहान लेन्स ४८० ग्रॅम, असे एकूण ४ किलो ३६० ग्रॅम होतात. सॅक रिकामीच दोन किलोंच्या आसपास भरते. त्यात लॅपटॉप, चार्जर आणि दुर्बीण घालून ती स्प्रिंगच्या काट्याला अडकवली की काटा साडेआठच्याही पुढे जातो, आणि इंदूर-मुंबई तसेच मुंबई-नैरोबी या दोन्ही तिकिटांवर हातसामानाची मर्यादा सात किलोंची आहे. खरी कोंडी पुढे आहे. विल्सनहून जाणाऱ्या विमानात हातसामान धरून माणशी पंधरा किलोच नेता येतात, तेही मऊ पिशवीत. म्हणजे ज्या टणक पेटीच्या भरवशावर लेन्स चेक-इनमध्ये टाकण्याचे धाडस केले असते, ती पेटीच तेथे चालणार नाही.

माझे प्रश्न असे. नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तासांचा रस्ता पत्करून या पंधरा किलोंतून सुटका करून घ्यावी, की सामान कमी करून विमानानेच जावे? खाचखळग्यांच्या रस्त्यांची मला सवय आहे, पण धुळीतून आणि धक्क्यांतून लेन्स न्यायची म्हटले की धीर होत नाही. खिसेवाले जाकीट घालून त्यात लेन्स कोंबण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. तो मला फारसा सभ्य वाटत नाही, पण कोणी केला असल्यास अवश्य सांगावे. ट्रायपॉड न्यावा का? आणि परत येताना सीमाशुल्काचा प्रश्न उद्भवू नये म्हणून जाताना जे निर्यात प्रमाणपत्र घेतात, ते मुंबईत घेताना काय काळजी घ्यावी? आमचे चेक-इनचे सामान इंदूरहून थेट नैरोबीला जाणार आहे.

प्रतिसाद:

नमस्कार. मी बडोद्याचा असून याच मार्गाने माराला जाऊन आलो आहे.

प्रथम प्रमाणपत्राविषयी. अधिकारी वस्तू प्रत्यक्ष पाहून तिचा अनुक्रमांक नोंदवतात, त्यामुळे ज्याची नोंद करायची ते सर्व आपल्या हातात असले पाहिजे. इंदूरला चेक-इनमध्ये गेलेली वस्तू मुंबईत दाखवता येणार नाही. बॉडी आणि लेन्स यांचे क्रमांक व खरेदीच्या पावत्यांच्या प्रती एका कागदावर तयार ठेवाव्यात आणि मुंबईत या कामासाठी वेळ राखून ठेवावा.

माझे मत विमानाच्या बाजूने आहे. आपण दोघे आहात, म्हणजे तीस किलो आहेत. डी ७५००, लहान लेन्स आणि दुर्बीण वहिनींच्या बॅगेत द्या, म्हणजे दोघांचेही हातसामान सातच्या आत येईल, जाकिटाचीही गरज पडणार नाही आणि एखादी बॅग हरवलीच तरी एक कॅमेरा शिल्लक राहील. लॅपटॉप घरीच ठेवावा असे मी म्हणेन. जादा मेमरी कार्डे नेली की तो तेथे लागत नाही. ट्रायपॉड तर मुळीच नको. गाडीच्या उघड्या छतावर लेन्स टेकवायला बीनबॅगच उपयोगी पडते. तिचे रिकामे कापड घेऊन जावे आणि तांदूळ किंवा कडधान्य तेथे भरून घ्यावे.

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत. आपल्या बॅटऱ्या साधारण १४ वॉट-अवरच्या, म्हणजे १०० च्या मर्यादेत अगदी आरामात बसतात. फक्त प्रत्येकीवर तिची टोपी असावी, नसल्यास धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावावी. त्या एका लहान, चटकन बाहेर काढता येईल अशा पिशवीत ठेवाव्यात, कारण विमान भरलेले असले की दाराशी हातसामान मागून घेऊन पोटात टाकतात आणि तेव्हा त्या काढून घ्याव्या लागतात. सुरक्षा तपासणीत कॅमेरा ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगतात. मोठी लेन्स बॉडीपासून सोडवलेली आणि कॉलरचा पाय खाली करून ठेवलेली असावी. आडवी ठेवलेली लेन्स रुळांवर ट्रे आदळला की घरंगळते.

एक सांगायचे राहिले. धुळीपासून बचाव म्हणून आपण सवयीने प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतो, पण केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे. जुन्या उशीचे अभ्रे न्यावेत, लेन्सला ते उत्तम होतात.