मदत हवी आहे: स्पॅनचा पियानो आणि वेल्सची हार्मोनिका

मंडळी, ब्लूज गायक आणि हार्मोनिकावादक ज्युनियर वेल्सचा ‘साउथसाइड ब्लूज जॅम’ सध्या डोक्यातून जात नाहीये. शिकागोच्या डेलमार्क या रेकॉर्ड कंपनीने १९७० मध्ये काढलेला अल्बम, गिटारवर बडी गाय, पियानोवर ओटिस स्पॅन. स्पॅन त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेला, म्हणजे ही त्याची अगदी अखेरची वादनं. काय हात होता या माणसाचा!

वेल्स श्वास आत ओढत सूर खाली वाकवतो, तेवढं कानाला कळतं. पण स्पॅनचा उजवा हातही वरच्या सप्तकात थरथरत असतो. तरी दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. हे कसं साधतं? नेमकं कुठे कान द्यायचा? पियानो किंवा हार्मोनिका वाजवणाऱ्यांनी जरा उलगडून सांगा ना.

शिवाय स्पॅन आणि हार्मोनिकावादक जेम्स कॉटन या जोडीचं, ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या १९६० च्या न्यूपोर्ट महोत्सवातल्या मैफलीखेरीज, आणखी काय ऐकू?