‘दृश्यावरून चित्रपट ओळखा’ : गणेशोत्सवातील स्पर्धेबाबत आपल्या ग्रुपवरील चर्चा

ए-७०२ (सांस्कृतिक समिती) : सर्व सभासदांस नमस्कार. यंदा अंताक्षरीऐवजी दृश्याच्या वर्णनावरून जुना मराठी चित्रपट ओळखण्याची स्पर्धा घ्यावी, असे समितीने ठरवले आहे. नमुन्यादाखल दोन वर्णने देत आहे. पहिले : घरमालकाने मधुमेहावरच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये ‘वारले’, असे भाडेकरू शांतपणे सांगतो. दुसरे : पोहायला घाबरून लपून बसलेल्या मुलाला आई मारत मारत विहिरीकडे धाडते.

ए-१०४ : ‘अशी ही बनवाबनवी’ आणि ‘श्यामची आई’. तव्यावरची पोळी उलटण्याच्या आत उत्तर दिले आहे, याची समितीने नोंद घ्यावी.

बी-३०४ : काकूंचे अभिनंदन, परंतु इतक्या लवकर उत्तर आले, यातच या वर्णनांचा दोष दिसतो. संवाद दिला की स्पर्धा कानाची होते, डोळ्यांची राहत नाही. सत्तर रुपयांचे वाक्य तर चित्रपट न पाहिलेल्या मुलांनाही मोबाइलवर फिरणाऱ्या मीममुळे पाठ आहे. श्यामच्या पोहण्याचा प्रसंग निम्म्या लोकांना साने गुरुजींच्या पुस्तकातून ठाऊक असतो, त्यामुळे आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट त्यांनी पाहिला आहे की नाही, हे त्या उत्तरावरून मुळीच समजत नाही. माझी सूचना अशी की, वर्णनात नटाचे नाव, गाणे आणि संवाद यांपैकी काहीही नसावे. कोण, कुठे, हातात काय घेऊन उभे आहे, एवढेच असावे. उदाहरणार्थ : संतापलेली बाई आजारी मुलाला ओढत देवळात शिरते, तिच्या हातात पायातली वहाण आहे आणि तिचा सगळा रोख गाभाऱ्यातल्या मूर्तीवर आहे.

सी-५०१ : ‘संत तुकाराम’, प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६ चा. ती तुकोबांची बायको जिजाई, भूमिका गौरीबाईंची. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस डोळे मिटून अभंगात रंगलेले असतात आणि घरात दाणा आहे की नाही, ही चिंता एकटी जिजाई वाहत असते. माझ्या मते तो चित्रपट तुकोबांचा जितका आहे तितकाच तिचाही आहे, आणि गिरगावातल्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला, त्यात तिचा वाटा मोठा होता. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. पण भाऊ, गाणे वगळले तर ‘आधी बीज एकले’ कुठे विचारायचे?

बी-३०४ : आजी, ते गाणे विचारले तर वेगळाच वाद उभा राहील. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले आहे, पण इतके अस्सल उतरले की आजही अनेक जण ते गाथेत शोधतात.

बी-६०२ : नवा नियम पाळून माझे एक वर्णन. दोन म्हातारे शेजारी, एक पाटील आणि एक मिर्झा, बुद्धिबळाच्या पटावर बसलेले आहेत. त्यांच्या मैत्रीचा शेवट फुटणाऱ्या धरणापाशी होतो.

ए-१०४ : ‘शेजारी’.

सी-२०२ : ‘पडोसी’. मी हिंदीत पाहिला आहे, मलाही गुण मिळाले पाहिजेत.

ए-७०२ (सांस्कृतिक समिती) : स्पर्धा मराठी चित्रपटांची आहे, याकडे नम्रपणे लक्ष वेधतो.

बी-३०४ : तरीही सी-२०२ चे म्हणणे टाळता येणार नाही. प्रभातने १९४१ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली हा चित्रपट दोन्ही भाषांत काढला, आणि दृश्य तेच असल्याने केवळ वर्णनावरून भाषा ठरवता येत नाही. मिर्झा दोन्हींत गजानन जागीरदारच आहेत; पाटील मात्र मराठीत केशवराव दाते, तर हिंदीतला त्यांचा जोडीदार ठाकूर मजहर खान यांनी केला आहे. म्हणजे बी-६०२ यांच्या वर्णनातील ‘पाटील’ हा शब्दच उत्तर मराठीकडे झुकवतो. ‘कुंकू’ विचारला तर त्याचाच हिंदी अवतार ‘दुनिया ना माने’ घेऊन असाच वाद होईल, तेव्हा समितीने आधीच ठरवून ठेवावे.

ए-७०२ (सांस्कृतिक समिती) : दोन्ही नावांना गुण दिले जातील. आता मूकपटाचे एक वर्णन देतो, त्यात संवादाचा प्रश्नच नाही. राणीच्या सख्या पाण्यात खेळत आहेत, भिजलेली लुगडी नेसलेल्या, आणि त्यांतली एकही स्त्री नाही.

सी-५०१ : ‘राजा हरिश्चंद्र’, फाळक्यांचा. तारामती झालेले अण्णा साळुंके त्याआधी आपल्या ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात कामाला होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लागला, हे तर शाळेतली मुलेही सांगतील.

सी-२०२ : अवघड हवे असेल तर हे घ्या. एका डोळ्याने अधू झालेला ठाकर तरुण कड्यावरच्या मधमाश्यांच्या पोळ्यांवर सूड उगवायला निघतो.

बी-३०४ : ‘जैत रे जैत’, १९७७, जब्बार पटेल. मोहन आगाशे यांचा नाग्या. फार सुरेख वर्णन आहे. फक्त ‘ठाकर’ हा आदिवासी जमात सांगणारा शब्द काढला असता, तर मला निदान संध्याकाळपर्यंत विचार करावा लागला असता.

ए-१०४ : एवढी चांगली वर्णने इथेच संपवून टाकली, तर गणपतीत विचारणार काय?

ए-७०२ (सांस्कृतिक समिती) : काकूंचा मुद्दा रास्त आहे. यापुढील वर्णने ग्रुपवर न टाकता बंद पाकिटात सोसायटीच्या कार्यालयात द्यावीत. स्पर्धेच्या वेळी मोबाइल टेबलावर जमा करावे लागतील, आणि बी-३०४ व सी-५०१ यांनी स्पर्धक न होता परीक्षक व्हावे, अशी समितीची आग्रहाची विनंती आहे.

सी-५०१ : परीक्षक होईन, पण वहाणेचा प्रसंग मी आधीच ओळखला आहे, त्याचे गुण माझ्या नावावर मांडून ठेवा.