मदत हवी आहे: चॅनेल खोल केल्यावर बारीक गाळ उलट जास्त का भरतोय?

नमस्कार मंडळी,

नदीमुखातल्या जहाजांच्या चॅनेलची खोली मोजण्याचं काम मी करतो. आमचं चॅनेल उपसून खोल केलं आणि प्रवाह आवरायला कडेने दगडी बांध घातला. तेव्हापासून गाळ इतक्या लवकर भरतो की उपसा थांबतच नाही. वरिष्ठ म्हणतात, पुराने आणलेला गाळ आहे. मला पटत नाही, कारण नदी आटलेली असते त्या महिन्यांतच तो जास्त साचतो.

नमुना बोटांत चोळला तर जराही कचकच लागत नाही, वाळू जवळजवळ नाहीच. एको साउंडर (ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र) २०० किलोहर्ट्झवर एक तळ दाखवतो, ३३ वर त्याच्या बराच खाली दुसरा. वजन बांधलेली दोरी सोडली तर वरच्या 'तळा'तून सरळ आत जाते आणि वर येते ती चिखलाने माखूनच. मग खोली कुठली धरायची? त्या आकड्यावर जहाज आत येणार, म्हणून फार काळजी वाटते.

आणि गाळ समुद्राकडून येतोय हे दाखवायचं कसं?

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. खोली वाढली की तळाचं खारं पाणी आणखी आत शिरतं आणि सोबत गाळ ओढून नेतं. त्यात भरती कमी वेळाची पण जोराची झाली, तर तिने आणलेलं सगळं ओहोटी परत नेऊ शकत नाही. जर्मनी-नेदरलँड्सच्या सीमेवरच्या एम्स नदीत हेच घडलं. मोठ्या जहाजांसाठी नदी पुन्हा पुन्हा खोल केली आणि तळाशी पातळ चिखलाचा थर बसला. त्या थरावर पाण्याला घर्षण कमी होतं, म्हणून भरती आणखी जोर धरते.

तरी वरिष्ठांचं म्हणणं अगदी सोडून देऊ नका. अमेरिकेत १९४२ मध्ये सँटी नदीचं पाणी कूपर नदीत वळवलं आणि कूपरच्या मुखावरच्या चार्ल्स्टन बंदरात गाळ वाढला. शेवटी १९८५ मध्ये बरंचसं पाणी परत सँटीकडे वळवावं लागलं.

मोजायचं असेल तर एकाच जागी नांगर टाकून सलग साडेबारा तास, म्हणजे एक पूर्ण भरती-ओहोटी होईपर्यंत, थांबा. पृष्ठभाग, मध्य आणि तळ, तिन्हीकडे वेग, क्षारता आणि गढूळपणा नोंदवा. तळाचं मोजमाप चुकवू नका, खरी गोष्ट तिथेच आहे. हे उधाणाला (मोठ्या भरतीला) एकदा आणि भांगाला (लहान भरतीला) एकदा करा. वेग आणि गाळाचं प्रमाण यांचा गुणाकार करून भरती-ओहोटीची बेरीज केली की गाळाचा निव्वळ कल कळेल. उपसलेला गाळ टाकता ती जागाही तपासा, तोच परत येत असू शकतो.

खोलीबद्दल: रॉटरडॅममध्ये चिखलाची घनता घनमीटरला १२०० किलो होते ती पातळी जहाजासाठी तळ मानतात. तुमच्या चिखलाला हाच आकडा लागू पडेल असं नाही, घनता आणि घट्टपणा मोजूनच बंदराने ठरवावं. तोवर वरचाच तळ धरा.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. आम्ही फक्त पृष्ठभागाचं पाणी भरून आणत होतो! पुढच्या उधाणाला बोट मागितली आहे. तळाजवळ म्हणजे किती उंचीवर मोजू?